वापरणारा चुकत नाही

पणजी सुईण होती. बाळंतिणीच्या खोलीत ती शिरली की घरातले पुरुष कुणी न सांगता बाहेर होत, आणि ती बाहेर येईपर्यंत कुणाची आत डोकावायची छाती होत नसे. तिची लेक, म्हणजे आजी, दवाखान्यात कंपाउंडर झाली. डॉक्टरांचं अक्षर डॉक्टरांना लागत नसे, ते आजीला लागे. आजीची लेक शहरातल्या सर्वांत मोठ्या रुग्णालयाची मेट्रन झाली. निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली तरी तिच्या चालण्याचा आवाज ऐकून वॉर्डबॉय अजून सिगारेट विझवतात, असं सांगतात.

या तिघींच्या मागून चौथी जन्मली, ती रक्ताचा थेंब पाहिला की भिंत धरणारी. आईनं पुष्कळ प्रयत्न केले. शेवटी म्हणाली, "असो. तीन पिढ्यांनी रक्त पाहिलं, एखादीनं नाही पाहिलं तर आकाश कोसळत नाही." मुलीनं संकेतस्थळांची मांडणी करण्याचं शिक्षण घेतलं आणि योगायोग असा, की फिरून फिरून ती आईच्याच रुग्णालयात नोकरीला लागली. रुग्णालयाचं आरोग्यविषयक माहितीचं संकेतस्थळ लोकांना सोपं करून देणं, हे तिचं काम. कार्यालयात तिला सगळे मांडणीकारीण म्हणत. आई मात्र परक्यांना सांगताना एवढंच सांगे, "तिथं कॉम्प्युटरवर असते."

ते संकेतस्थळ म्हणजे एक नमुना होता. पहिल्या पानावर इमारतीचं छायाचित्र, त्याखाली मोठ्या डॉक्टरांचं मनोगत, त्याखाली विभागांची यादी. तीही ज्या क्रमानं विभाग स्थापन झाले त्या क्रमानं. तापानं फणफणलेल्या मुलाच्या आईला आधी 'बालरोगशास्त्र' हा शब्द आठवायला हवा, मग त्यातली विभागाची स्थापना, विभागाची वाटचाल आणि विभागाला मिळालेली मानपत्रं ओलांडून पुढे जायला हवं, तेव्हा कुठे ताप. पोट दुखत असेल तर ते पचनसंस्थेचं की शस्त्रक्रियेचं, हे त्या दुखऱ्या पोटानंच ठरवायचं. आत माहिती उत्तम होती, जाणत्या माणसांनी लिहिलेली होती, आणि कुणाच्या हाती लागत नव्हती.

मांडणीकारणीनं वर्षभर खपून नवी मांडणी उभी केली. पहिल्या पानावर साध्या बोलीत तीन प्रश्न: आत्ता काय होतंय? औषधाबद्दल विचारायचंय? कुठं जायचं? आणि प्रत्येक पानाच्या सर्वांत वर एक लाल पट्टी.

मोठे डॉक्टर हे रुग्णालयाचे प्रमुख. मूळचे हाडांचे डॉक्टर. माणूस सरळ, पण हाडासारखाच न वाकणारा. ते म्हणाले, "रुग्णालय विभागांनी चालतं, बाई. लोकांनाही ती शिस्त कळली पाहिजे."

"लोक विभाग घेऊन येत नाहीत, डॉक्टर. दुखणं घेऊन येतात."

"दुखणं घेऊन दारात येतात. दारावर पाटी असते. पाटीवर विभागाचं नाव असतं."

"आणि पाटी वाचता वाचता ज्यांचा जीव जातो, त्यांनी काय करायचं?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. या मुलीचा बाप त्यांना माहीत होता. सगळ्या रुग्णालयालाच माहीत होता.

मांडणीकारीण शाळेत होती तेव्हाची गोष्ट. आई शस्त्रक्रियागृहात ड्यूटीवर, आणि बाप घरी एकटा असताना जिन्यातच कोसळला. खालच्या मजल्यावर एका बाईंचं शिवणकामाचं दुकान होतं. सगळी वस्ती त्यांना टेलरमावशी म्हणे. मावशींनी दुकान तसंच उघडं टाकलं, कापडाचे तागे वाहायच्या गाडीवर त्याला घातलं आणि एका हमालाला हाताशी घेऊन रुग्णालय गाठलं. पुढे खरा प्रवास सुरू झाला. पुढच्या दारानं मागच्या दाराकडे पाठवलं, मागच्या दारानं वरच्या मजल्यावर, वरच्या मजल्यानं चिठ्ठी आणायला पुन्हा खाली. दोन्ही कानांवर हात ठेवून प्रत्येकानं सांगितलं, हा आमचा विभाग नव्हे. सरतेशेवटी मावशींनी शस्त्रक्रियागृहाचं दार ढकललं आणि मेट्रनबाईंना नावानं हाक मारली, तेव्हा चक्रं फिरली. बाप वाचला. उजवा हात मात्र गेला तो गेलाच. पुढली सगळी वर्षं तो हात त्यानं खिशात घालून काढली.

मेट्रनबाईंनी आयुष्यात कुणाचं देणं ठेवलं नव्हतं. हे एक देणं मात्र त्यांच्या डोक्यावर बसलं. त्या मावशींच्या दुकानात जात आणि कधी न बसता, उभ्या उभ्याच म्हणत, "टेलरबाई, तुमचं ऋण आहे आमच्या घरावर." मावशी मशीनवरची मान वर न करता म्हणत, "बरं. मग ती इस्त्री सरकवा इकडे." एवढ्यावर विषय संपे. मावशींनी ते ऋण कधी मान्य केलं नाही आणि कधी फेडून घेतलं नाही.

तर मोठ्या डॉक्टरांनी बराच विचार करून अट घातली. रुग्णालयाच्या नियामक मंडळाची सभा संध्याकाळी होती. त्याआधी दुपारी, स्वतः डॉक्टरांच्या देखत, पाच माणसं नव्या मांडणीवर बसवायची. प्रत्येकाला एक प्रश्न द्यायचा आणि उत्तर ज्यानं त्यानं एकट्यानं शोधायचं. पाचही जणांना सापडलं तर नवी मांडणी मंडळापुढे जाईल. एकाचंही अडलं, किंवा तुमच्यापैकी कुणी मदतीचा एक शब्द जरी बोललं, तर चाचणी रद्द आणि जुनी मांडणी कायम. मग हा विषय पुन्हा माझ्यापुढे आणायचा नाही.

मांडणीकारणीनं अट मान्य केली. मान्य न करून सांगते कुणाला.

चाचणी रस्त्यापलीकडच्या जुन्या इमारतीत होती. खोल्या शेजारी शेजारी. एका खोलीत टेबल, संगणक, पाण्याचा तांब्या आणि ज्याची चाचणी घ्यायची तो पाहुणा. या कामात त्याला पाहुणाच म्हणतात. त्याच्या मागे, जरा डावीकडे, भिंतीशी एक खुर्ची. तीत मांडणीकारणीनं वही घेऊन बसायचं आणि तोंडात मिठाची गुळणी धरायची. पाहुण्याला एकच विनंती असे: मनात जे येईल ते मोठ्यानं बोलत राहा. शेजारच्या खोलीत मोठे डॉक्टर आणि जावईबापू. जावईबापू कुणाचे जावई नव्हते. चित्रीकरणाचे तंत्रज्ञ होते, पन्नाशीचे. पण सदैव कडक इस्त्रीत असत आणि कुणी खुर्ची पुढे केल्याशिवाय बसत नसत, म्हणून हे नाव. त्यांच्या भिंतीवर पाहुण्याचा पडदा जसाच्या तसा उमटे आणि आवाज येई. पाहुण्याचा चेहरा तिकडे दिसत नसे. मांडणी तपासायची, माणूस नव्हे. सगळ्यांचे मोबाईल बाहेरच्या कपाटात बंद.

चाचणीच्या खोलीत भिंतीवर मांडणीकारणीनं स्वतःच्या हातानं एक वाक्य लिहून लावलं होतं: 'वापरणारा चुकत नाही, पान चुकतं.' या कामाचं सगळं शास्त्र त्यात आलं. पाहुणा चुकीच्या जागी गेला, तर दोष पाहुण्याच्या डोक्याचा नाही, मांडणीचा. दहा वर्षं तिनं हे वाक्य जपासारखं म्हटलं होतं, आणि नव्या मुलांकडून घोटवून घेतलं होतं.

चार पाहुणे पार पडले. एक ड्रायव्हर, एक कॉलेजातली मुलगी, एक हिशेबनीस, एक शाळेतला शिपाई. चौघांना उत्तर सापडलं. शेजारच्या खोलीत मोठे डॉक्टर दरवेळी "हं" म्हणत, आणि तो "हं" दरवेळी थोडा लांबत होता.

पाचवा पाहुणा आलाच नाही. सत्तरी उलटलेलं, संगणकाची फारशी सवय नसलेलं माणूस हवं होतं. ते ऐनवेळी आजारी पडलं. मांडणीकारणीनं शेजारच्या खोलीतल्या टेलिफोनवरून घाबऱ्याघाबऱ्या आईला फोन केला.

"सत्तरीचं माणूस ना? पाठवते," आई म्हणाली आणि फोन ठेवला. कोण, कसं, हे सांगण्याची तिची रीत नव्हती.

थोड्या वेळानं दारात टेलरमावशी उभ्या. गळ्यात मोजपट्टी तशीच.

ओळखीचं माणूस, आणि तेही हे. मांडणीकारीण तडक शेजारच्या खोलीत गेली आणि डॉक्टरांना म्हणाली, "या बाई आमच्या घरच्यासारख्या आहेत. आधीच सांगते."

"मग तुम्हांला गप्प बसणं अधिक जड जाईल," डॉक्टर म्हणाले. "जमेल?"

"जमेल."

"बघू."

मावशी खुर्चीत बसल्या. त्यांनी खोलीवरून नजर फिरवली आणि भिंतीवरचं वाक्य वाचलं. "म्हणजे मी काहीही केलं तरी दोष तुझाच?"

"माझाच, मावशी."

"हे बरं आहे. आमच्या धंद्यात उलटं. गिऱ्हाईक जाड झालं तरी दोष शिंपिणीचा." त्या हसल्या. "बाकी आज डोकं जरा जड आहे हं. सकाळपासून मशीनवर वाकून बसले होते. चालेल ना?"

"चालेल. दमलात तर थांबू."

हे ती बोलली, आणि पुढे आपण काय केलं हे तिच्या नीट लक्षात आहे. तिनं वहीत लिहिलं: पाहुणी थकलेली. मग प्रश्नाचं कार्ड मावशींच्या हाती दिलं, मागच्या खुर्चीत जाऊन बसली, आणि आता या बाईंना कसलीही सवलत मिळाली असं कुणी म्हणता कामा नये, म्हणून पाठ अशी ताठ केली की खुर्चीलासुद्धा ती टेकली नाही.

प्रश्न साधा होता. रक्तदाबाची गोळी रोज घेणाऱ्या माणसानं सर्दीचं औषध घेतलं तर चालेल का, ते शोधा.

"रक्तदाबाची गोळी," मावशी मोठ्यानं बोलू लागल्या. "हे तर माझंच झालं. बरं. इथं लिहिलंय, औषधाबद्दल विचारायचंय. विचारायचंयच आम्हांला. हे दाबते." दाबलं. पान उघडलं. शेजारच्या खोलीतून पुसटसा "हं" आला, यावेळी आखूड.

"आता दोन औषधं एकत्र... हे बघ, आहेच इथं. हे दाबायचं."

पडद्यावरचा बाण बटणाकडे निघाला, बटणाच्या कडेशी पोचला आणि खाली घसरला.

"अगं," मावशी म्हणाल्या.

बाण पुन्हा वर आला. पुन्हा घसरला. मावशींनी दाबलं ते कोऱ्या जागेवर. काहीच झालं नाही.

मांडणीकारणीनं वहीत लिहिलं: बटण लहान?

तिसऱ्यांदा बाण थेट पानाच्या तळाशी गेला. तिथं खालच्या ओळीवर थरथरला. मांडणीकारणीची वर्षभराची मेहनत त्या बाणाच्या टोकावर लोंबकळत होती. तिनं लिहिलं: बटण आणि मोकळी जागा यांचे रंग फार जवळचे. लिहिताना तिला स्वतःचाच राग आला. हे आधी कसं दिसलं नाही? चौघांना सापडलं म्हणून आपण गाफील राहिलो. भिंतीपलीकडे डॉक्टरांची खुर्ची करकरली. ते पुढे वाकून बघत असणार. त्यांना काय दिसत होतं? एक म्हातारी बाई, आणि जिचं बटण दाबता येत नाही अशी एक नवी मांडणी.

"हा तुझा उंदीर," मावशी म्हणाल्या, "ऐकत नाही गं." आवाज जरा जाड आला. त्यांनी माऊस ढकलला, थांबल्या, पुन्हा ढकलला.

मदत करायची नाही. एक शब्द नाही. जीभ तिनं दातांखाली धरली. नियम तिनंच केलेला, शिकवलेला. पाहुणा अडला की त्याला अडू द्यायचं, कारण तो जिथं अडतो तिथंच आपली चूक सापडते. तिनं लिहायला पेन टेकवलं: बटणाचा आकार दुप्पट कर...

आणि पेन थांबलं.

ज्या हातानं सुईत दोरा ओवायला अजून चष्मा लागत नाही, त्या हाताला हे बटण सापडत नाही? अंगठ्याएवढं बटण? काजं करण्यात जिचा जन्म गेला तिला?

तिची नजर पडद्यावरून निघाली आणि हातावर आली. इतका वेळ ती बाण बघत होती, हात नव्हे. उजवा हात माऊसवर नव्हताच. त्याच्या बाजूला, टेबलावर पडला होता. ठेवलेला नव्हता, पडला होता. मावशी माऊस हलवत होत्या त्या मनगटाच्या धक्क्यानं.

त्या क्षणी पानं, बटणं, रंग, सगळं तिच्या डोक्यातून पुसलं गेलं, असं म्हणणं खोटं होईल. एक निमिषभर तिच्या मनात आलं: मी उठले की संपलं. आणि मावशींच्या हाताला नुसत्या मुंग्या आल्या असतील तर? सकाळपासून मशीनवर वाकून बसल्यात, त्यांनीच सांगितलं. दोन मिनिटं थांबून पाहिलं तर?

"मावशी," ती म्हणाली.

भिंतीवर बोटांची टकटक झाली. डॉक्टर. तिनं ती ऐकली आणि उठली. टेबलाला वळसा घालून ती समोर गेली, जिथं चाचणी चालू असताना कुणी जायचं नसतं. मावशींचा अर्धा चेहरा तिच्याकडे बघून हसला. उरलेला अर्धा तसाच राहिला.

"मावशी, दोन्ही हात वर करा बरं, असे समोर."

"का गं? चोरी केली का मी?" शब्द एकमेकांत अडकले होते. त्यांनी हात उचलले. डावा राहिला. उजवा जरा वर आला आणि कापडाचा तुकडा टेबलावरून सरकावा तसा खाली आला. मावशींनी त्या हाताकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदा भीती दिसली.

दार उघडलं. "बाई, तुम्ही बोललात," मोठे डॉक्टर म्हणत आत आले. "चाचणी रद्द. मी आधीच सांगि..." आणि त्यांचं वाक्य तिथंच तुटलं. हाडांचे असले तरी डॉक्टर ते डॉक्टर. दोन ढांगांत ते मावशींपाशी पोचले.

"पक्षाघात," ते हलक्या आवाजात म्हणाले. "त्यांना काही खायला-प्यायला देऊ नका. पाणीसुद्धा नाही. जावईबापू, मेंदूच्या तातडीच्या कक्षाला फोन लावा. सरळ कक्षाला. रुग्णवाहिका गावाला वळसा घालून येईल. रस्ता ओलांडून स्ट्रेचर आणू दे."

शेजारच्या खोलीतून जावईबापूंचा आवाज आला. "नंबर?"

डॉक्टरांना तो ठाऊक नव्हता. त्यांच्या केबिनमधून ते फक्त ऑपरेटरला सांगत, की अमक्याला जोडा. "ऑपरेटरला सांगा."

"लाइन व्यस्त आहे, साहेब. मोबाईल आणू का कपाटातून?"

"किल्ली शोधत बसाल. आपली साइट उघडा. त्यावर आहे."

आता जुनी साइट, जी खरीखुरी चालू होती, ती जावईबापूंच्या संगणकावर उघडली, आणि दोन खोल्यांमधल्या उघड्या दारातून हे संभाषण चाललं.

"उघडली साहेब. तुमचं मनोगत आलं."

"खाली जा."

"विभाग. मेंदू... मेंदू नाहीये इथं."

"मज्जासंस्था बघा. मज्जासंस्था शल्य नव्हे, नुसती मज्जासंस्था."

"स्थापना. वाटचाल. विभागप्रमुखांचा परिचय. छायाचित्रं."

"संपर्क बघा, संपर्क."

"संपर्कात पत्ता आहे. आणि फॅक्स."

मावशींच्या नाडीवर डॉक्टरांची बोटं होती, आणि ती बोटं पांढरी पडली होती.

मांडणीकारणीनं मावशींच्या पडद्याकडे पाहिलं. नवं पान अजून तसंच उघडं होतं, तळाशी थरथरत राहिलेल्या बाणासकट. वर लाल पट्टी. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जड: लगेच फोन करा. त्यापुढे अंक. तिनं ते तिथूनच मोठ्यानं वाचले. जावईबापूंनी फिरवले. पलीकडून कुणीतरी उचलला.

स्ट्रेचर आलं तेव्हा मावशी डाव्या हातानं मांडणीकारणीचं मनगट घट्ट धरून होत्या. सोबत मेंदूची तरुण डॉक्टरीण होती. तिनं पहिला प्रश्न विचारला तो हा: "कधीपासून?"

"आत्ताच," मोठे डॉक्टर म्हणाले. "डोकं मात्र सकाळपासून जड होतं म्हणत होत्या."

"आत्ताच म्हणजे? सर, गुठळी विरघळवण्याचं औषध द्यायचं तर नक्की वेळ लागेल मला. सकाळपासून डोकं जड होतं म्हणे. सकाळपासूनचं असेल तर मी हे औषध देऊ शकत नाही. रक्तस्राव होईल."

मावशींना बोलता येत नव्हतं. मांडणीकारणीनं वहीतली पहिली नोंद पाहिली. डोकं जड. ते तर येताक्षणीच म्हणाल्या होत्या. त्याच वेळी सुरू झालं होतं का? हात केव्हा पडला? ती बटणं बघत बसली होती. हाताचं तिला काय ठाऊक?

मग तिला आठवलं, की ती बटणं नुसती बघत नव्हती.

"जावईबापू, चित्रीकरण मागे न्या," ती म्हणाली. "सुरुवातीपासून."

भिंतीवर बाण पुन्हा चालू लागला. मावशींचा स्वच्छ आवाज खोलीत घुमला: विचारायचंयच आम्हांला. बाण सरळ गेला, बटणाच्या मधोमध थांबला, दाबला. हात शाबूत, जीभ शाबूत. मग दुसरं बटण. बाण कडेशी आला आणि घसरला. कोपऱ्यात घड्याळाचे आकडे होते.

"इथं," मांडणीकारीण म्हणाली. "इथपर्यंत हात धड होता. इथं पडला. मी पाहिलं नाही, पण यानं पाहिलंय."

डॉक्टरीण त्या आकड्यांकडे क्षणभर बघत राहिली. मग तिनं स्वतःच्या मनगटावर पाहिलं. "पुष्कळ वेळ आहे हाताशी," ती म्हणाली. "चला."

स्ट्रेचर रस्ता ओलांडून गेलं, आणि या वेळी कुणी कुणाकडे पाठवलं नाही.

कक्षाबाहेरच्या बाकावर मांडणीकारीण बसली. दार आतून बंद होतं. तिच्या हातात अजून ती वही होती. बटण लहान? असं तिच्याच अक्षरात लिहिलेलं तिला वाचवेना, आणि पान फाडवेना. त्या हाताचं आता काय होणार, एवढंच तिला कळायला हवं होतं. बापाचा खिशात घातलेला हात दर थोड्या वेळानं डोळ्यांपुढे येई. आई आली, तिच्या शेजारी बसली. काय झालं ते मुलीनं सांगितलं. आपण आधी तीनदा बटणाला दोष दिला, तेही सांगितलं.

"मग उठलीस कशानं?"

"हात बघितला."

"हं," आई म्हणाली. "आम्हीसुद्धा आधी खाटेवरचा तक्ताच बघतो. वॉर्डात नव्या पोरींना मी तेच शिकवायची, तक्ता खाली ठेवा. सगळ्याच विसरायच्या."

मोठे डॉक्टर सभेला जाता जाता थांबले. मेट्रनबाईंना पाहून आपसूक सरळ उभे राहिले.

"चाचणी रद्दच आहे," ते मुलीला म्हणाले. "नियम म्हणजे नियम. तुम्ही बोललात."

"हो."

"मंडळाला मी चाचणीचं सांगणार नाही. मला स्वतःला काय सापडलं नाही, ते सांगणार आहे." ते घोटाळले. "पान आजच चढवा. माझ्या मनोगताचं कुठं काय करायचं ते..."

"ते शेवटी ठेवते, डॉक्टर."

"ठेवा शेवटी. म्हणजे वाचणारेच वाचतील."

दार उघडलं तेव्हा बाहेरचे दिवे लागायला आले होते. डॉक्टरीण म्हणाली, औषध लागू पडतंय. बोलणं सुटतंय, बोटं हलताहेत. बाकीचं उद्या-परवा कळेल. मांडणीकारणीनं त्या रात्रीच पान चढवलं, पण तिचा जीव त्या पानात नव्हता. तो त्या बोटांत अडकला होता.

उद्या-परवाचे काही आठवडे झाले. मावशी घरी आल्या. आधी हातानं पेला उचलला, मग कात्री. मग एके दिवशी सकाळी निरोप आला, की मेट्रनबाईंनी आणि लेकीनं दुकानात यावं.

दोघी गेल्या. मावशी मशीनवर होत्या. त्यांनी मान वर केली नाही. डाव्या हातात सुई धरली होती, उजव्या हातात दोरा. त्यांनी दोरा ओठांनी ओला केला, सुई उजेडाकडे धरली आणि ओवला. एकदाच. मग सुई खाली ठेवली आणि मेट्रनबाईंकडे पाहिलं.

"हे दाखवायला बोलावलं?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"हे दाखवायला आणि एक बोलायला. इतकी वर्षं तुम्ही यायच्या आणि ऋण ऋण करायच्या. मी काही बोलायची नाही. का, ते कधी विचारलं नाही तुम्ही."

"मी कुणाला का म्हणून विचारत नाही."

"ठाऊक आहे. मीच सांगते. मी तुमच्या माणसाला आणला खरा, पण दारं हुडकण्यात त्याचा हात घालवला. अर्धाच माणूस तुमच्या पदरात टाकला. अर्ध्याचं ऋण मी कुठल्या तोंडानं घेणार?"

मेट्रनबाई उभ्याच होत्या. "टेलरबाई, दारं आमची होती," त्या म्हणाल्या. "भिंती आमच्या, पाट्या आमच्या. तुम्ही वाट चुकला नव्हता. तुम्ही पूर्ण माणूस आणला होता. आम्ही अर्धा परत दिला."

मग मावशींनी आपला उजवा हात मशीनवर पालथा ठेवला आणि उताणा केला, बोटं मिटली, उघडली.

"मग या वेळी?"

"या वेळी पूर्ण माणूस पूर्ण परत आला," मेट्रनबाई म्हणाल्या.

"म्हणजे फिटलं."

"फिटलं?"

"सगळं. तुमच्या लेकीनं फेडलं, आणि मी घेतलं." मावशींनी पायानं एक स्टूल पुढे ढकललं. "आता तुमच्या घराचं माझ्याकडे काही नाही, आणि माझं तुमच्याकडे काही नाही. बसा."

मेट्रनबाई बसल्या.